दोन्हीकडून परत पाठवलेला माणूस

धुळे जिल्ह्यातलं ते प्रकरण आठवलं की आजही डोकं तापतं.

सोनगीरकडच्या एका गावातून ठाण्यात फोन आला. शेतीच्या वाट्यासाठी मोठ्या भावाने धाकट्याला गोठ्यात साखळीने बांधलंय, अशी खबर. स्टेशन डायरीला नोंद करून दोन शिपायांसह निघालो. धाकटा खरोखर खांबाला बांधलेला होता. कानात कुणी शिव्या देतं म्हणून एकसारखा पुटपुटत होता, आणि तोंडाला दारूचा वास. त्याला सोडवलं, मोठ्याला चौकशीला बसवलं.

“दारू कोणी पाजली?”

“मीच, साहेब. पेस तवयच झोपस तो. नही ते मायना अंगवर जास.” प्यायला तरच झोपतो, नाहीतर आईच्या अंगावर धावून जातो, असं त्याचं म्हणणं.

“दवाखाना नाही का?”

“लई गयथू. त्या म्हनतस, आधी दारू सोडाडा. सोडाडाले जळगावले लई गऊ, ते तठे गोळ्याच बंद करी दिन्ह्यात.” म्हणजे दवाखान्याने भासांवर गोळ्या लिहून दिल्या, पण ‘आधी दारू सोडवा’ म्हणून परत पाठवलं; आणि दारू सोडवायला जळगावला नेलं, तर तिथे त्याच गोळ्या बंद केल्या.

“आणि वाट्याचं काय?”

“त्याना वाटा बी मीच निंदस, साहेब.” धाकट्याच्या वाट्याची निंदणी, तण काढणंही हाच करत होता.

जळगावचं ते खासगी व्यसनमुक्ती केंद्र गाठलं. व्यवस्थापक अभिमानाने म्हणाला, “आमच्या गेटच्या आत कसलीच गोळी जात नाही. गोळी म्हणजे पण नशाच.”

“डॉक्टरांनी लिहून दिलेली?”

“नियम म्हणजे नियम, साहेब.”

भास थांबवणाऱ्या गोळ्या या शहाण्याने काढून घेतल्या, आणि आजार उसळल्यावर ‘वेडा इथे नको’ म्हणून पेशंट घरी धाडला. मी त्याचा जबाब शब्दशः नोंदवला.

मॅजिस्ट्रेटसाहेबांना अहवाल दिला. भावाने बांधलं हे बेकायदाच, तसं लिहिलं. पण त्याआधी तो कुठे कुठे हात जोडून आला, तेही लिहिलं. मग आदेश घेऊन धाकट्याला सरकारी रुग्णालयात नेलं. तिथे पुन्हा तेच.

“आधी व्यसन सोडवून आणा,” डॉक्टर म्हणाले.

आमच्या घरात कॉलेज शिकलेला मी पहिला. कायदा वाचल्याशिवाय मी बोलत नाही.

“मानसिक आरोग्याच्या कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक विकारही धरलेत, डॉक्टर. नाकारायचं असेल तर कारण लिहून द्या.”

कारण कोणी लिहिलं नाही. त्याला भरती करून घेतलं. दारू एकदम तुटली की फिट येऊ शकते. त्याचं औषध आणि भासांवरची गोळी, दोन्ही एकाच वॉर्डात सुरू झाली. काही आठवड्यांनी धाकटा स्वतः आईशी फोनवर बोलला.

समोर बसवलेलाच गुन्हेगार असतो असं नाही, हे मी तिथे शिकलो. आजार दोन असले तरी माणूस एकच असतो. इथे मात्र एकाने त्याला वेडा म्हणून हाकललं, दुसऱ्याने दारुडा म्हणून, आणि साखळीचा जाब विचारायला आम्हाला सापडला तो फक्त भाऊ.