डावं कुणाचं, उजवं कुणाचं

शनिवार, १६ फेब्रुवारी १९८५.
हजर: दादा (माझे वडील, निवृत्त शिक्षक), आमचे हे, आणि मी.
गैरहजर: ढोलकीवाले काका.
काम: गाणी ऐकायचा सेट ठरवणे. हजाराच्या वर जायचे नाही.

माझ्या त्या वर्षीच्या डायरीत हे असंच लिहिलेलं आहे. सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते, त्यामुळे कुठल्याही कामाच्या आधी हजेरी आणि यादी लिहायची सवय हाताला लागली आहे. आमच्याकडे सुट्टी शनिवारी असते. ह्यांनी त्या दिवसापुरती रजा टाकली होती. काकांना कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी त्यांना गैरहजर लिहिलं, कारण निघालो होतो ते त्यांच्याच भांडणापायी.

ते भांडण आधी सांगते. दादा आमच्या कॉलनीतल्या गायन पार्टीचे मुख्य. पेटी वाजवायचे आणि गायचेही. ढोलकीवर काका. ते दोन गल्ल्या सोडून राहतात, सुतारकाम करतात. तीस वर्षं दोघांनी एकत्र कार्यक्रम केले. आदल्या एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमात, विहारासमोरच्या चौकात, भर गाण्यात ताल सुटला. दादा थांबले आणि माइक तोंडासमोर असतानाच काकांना म्हणाले, "हात चालव की. झोपलास का?" चौक हसला. काकांनी ढोलकी खोळीत घातली, दोरी बांधली, आणि उठताना एवढंच म्हणाले, "मास्तर, तीस वर्षं तुमच्या डाव्या हाताला बसलो. आता डावा झालो होय?"

त्यानंतर दहा महिने आमच्याकडे आले नाहीत. दादाही गेले नाहीत. पार्टी बंद पडली. पुढची जयंती दोन महिन्यांवर आली होती आणि कॉलनीतले लोक मलाच विचारायला लागले होते, यंदा तुमची पार्टी बसणार का म्हणून.

दादांचं म्हणणं एकच होतं, कॅसेट ऐका. त्या दिवशी कुवेतहून सुट्टीवर आलेल्या शेजाऱ्यानं आपला दोन माइकचा टेपरेकॉर्डर स्टेजसमोर खुर्चीवर ठेवून सगळा कार्यक्रम भरून घेतला होता. त्यानं दिलेली कॅसेट दादांनी कपाटात जपून ठेवली होती. पण आमच्या घरचं मशिन छोटं, एकाच स्पीकरचं. त्यावर ढोलकी आणि पेटी एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट यायचा. "चांगल्या मशिनवर लावा," दादा म्हणायचे, "मग कळेल कोण झोपलं होतं ते." थोडक्यात, आम्हाला सेट हवा होता तो साक्षीदार म्हणून. मला त्यातलं काही पटत नव्हतं, पण निदान एकदाचा निकाल लागेल आणि दोघांपैकी एकजण तरी दुसऱ्याच्या दारात जाईल, असं वाटलं.

मी वहीत रकाने आखले होते. दुकान, वॅट, स्पीकरच्या खोक्याचा आकार, गॅरंटी, आणि शेवटी 'ढोलकी ऐकू येते का'. शेवटचा रकाना दादांनी भरायचा होता.

पहिलं दुकान मेन रोडवर, काचेच्या दाराचं. मालकानं इतके शब्द सांगितले की माझी पेन्सिल मागे पडली. वूफर म्हणजे काय ते समजेपर्यंत ट्विटर आला. वॅट जास्त तर आवाज चांगला का, असं विचारलं, तर तो म्हणाला, तसं काही नाही. मग वॅट कमी घेऊ का म्हटलं, तर म्हणाला, तसंही नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली आणि बाहेर पानाच्या टपरीकडे नजर लावली. मी दोन्ही उत्तरं लिहून घेतली. आजही ती वहीत एकाखाली एक आहेत.

कॅसेट लावली. खोकी आमच्या पाठीमागे, दाराच्या वरच्या फळीवर होती. मला आणि ह्यांना ढोलकी स्पष्ट ऐकू येत होती. दादा म्हणाले, "येत नाही. दुसऱ्या गल्लीत वाजल्यासारखी वाटते." मी रकान्यात लिहिलं: नाही.

दुसरं दुकान शालिमारजवळ. तिथे खोकी समोरच्या भिंतीला होती. कॅसेटची तीच बाजू, पहिलंच गाणं. दादांचा चेहरा उजळला. "ही बघ. अगदी शेजारी बसल्यासारखी." मी लिहिलं: हो. मग गॅरंटीचा रकाना भरायला खोक्याच्या मागचा नंबर पाहिला आणि गोंधळलेच. कंपनी तीच, नंबर तोच. पहिल्या दुकानात जे खोकं नापास झालं होतं तेच इथे पास झालं होतं. दुकानदार म्हणाला, "ताई, त्यांचा माल डुप्लिकेट असेल." ह्यांना वाटलं की ॲम्प्लिफायरचा फरक असावा. दादा म्हणाले, पहिल्या दुकानातला माणूस लबाड दिसतच होता. मला तिन्ही कारणं थोडी थोडी पटली आणि एकही पुरती पटली नाही. स्टोअरमध्ये एकाच नंबरचे दोन नट वेगळे निघाले, तर मी नटाला दोष देत नाही, माप घेणाऱ्याला विचारते. इथे माप घेणारे दादाच होते, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही.

दादांना त्याच दुकानात दुसरी बाजू लावून ते मोडलेलं गाणं ऐकायचं होतं. तेवढ्यात लाइट गेले. पाऊण तास वाट पाहिली. शेवटी दुकानदारानंच सांगितलं, मागच्या गल्लीत एक मिस्त्री आहे, स्वतः सेट जोडून देतो, त्याची लाइन वेगळी आहे, आणि तुमच्या बजेटमध्ये बसेल.

मिस्त्रीची खोली म्हणजे जुन्या रेडिओंचा ढीग. मधोमध एक लोखंडी खुर्ची, आणि चार कोपऱ्यांत चार खोकी टांगलेली. हे त्यानं स्वतः बनवलेलं होतं. दोन पुढे, दोन मागे, म्हणजे ऐकणारा आवाजाच्या मधोमध. "गुरुजी, बसा," तो दादांना म्हणाला. "कुठंही तोंड करून बसा, काही फरक नाही पडत. चारी बाजूंनी आवाज."

दादा पुढच्या भिंतीकडे तोंड करून बसले. पहिलं गाणं लागलं. ढोलकी आली. दादांनी मांडीवर ठेका धरला. मिस्त्रीला आपल्या कामाचा अभिमान होता. तो म्हणाला, आता खुर्ची फिरवा, तसंच ऐकू येईल. दादा उठले, खुर्ची फिरवून दाराकडे तोंड करून बसले, आणि मांडीवरचा हात थांबला.

"गेली," ते म्हणाले.

"काय गेली?"

"ढोलकी. तुम्ही बंद केलीत का?"

मिस्त्री हात वर करून दाखवायला लागला की त्यानं कशाला हात लावलेला नाही. दादांनी खुर्ची पुन्हा फिरवली. ढोलकी आली. परत दाराकडे वळवली. गेली. आम्हाला तिघांना ती सारखीच ऐकू येत होती. ह्यांना हसू येत होतं, ते त्यांनी रुमालात दाबलं. मिस्त्री स्टुलावर चढून खोक्यांच्या वायरी हलवून पाहू लागला.

मी काय करावं ते न सुचून वहीत खोलीचं चित्र काढलं. चार खोकी, मध्ये खुर्ची. ढोलकी कुठल्या खोक्यातून येते ते मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, उजवीकडच्या दोन्हीतून. मी विचारलं, उजवं कुणाचं, खोक्याचं की बसणाऱ्याचं? तो म्हणाला, पुढच्या भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्याचं. मग मी पहिल्या दुकानाचं चित्र काढलं, खोकी पाठीमागे. मग दुसऱ्याचं, खोकी समोर. तिन्ही चित्रांत दादांच्या डोक्याजागी एक गोल काढला आणि त्याला दोन कान काढले. ढोलकी जिथे जिथे उजव्या कानाला होती तिथे 'हो' होतं. डाव्या कानाला होती तिथे 'नाही'. एकही चूक नव्हती. इतका जुळलेला तक्ता स्टोअरमध्येसुद्धा कधी निघत नाही. आणि मग मला आठवलं, स्टेजवर काका कायम दादांच्या डाव्या हाताला बसायचे. स्टेजसमोर ठेवलेल्या टेपला मात्र ते उजवीकडे होते.

मिस्त्रीनं माझी वही पाहिली होती. तो दादांच्या मागे डाव्या बाजूला उभा राहिला आणि कानाजवळ दोनदा चुटकी वाजवली. दादांनी मान वळवली नाही. मग त्यांना समोर आमचे दोघांचे चेहरे दिसले.

दादा चाळीस वर्षं शिक्षक होते. त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी स्वतःच उजव्या कानावर हात दाबून धरला, हात काढला. पुन्हा दाबला. मग खुर्ची पुढच्या भिंतीकडे फिरवली आणि मिस्त्रीला म्हणाले, "दुसरी बाजू लावा."

मी म्हटलं, दादा, आज राहू द्या. त्यांनी हातानं मला गप्प केलं.

ते गाणं मी त्याआधी दहा वेळा ऐकलं होतं, पण घरच्या मशिनवर. इथे ढोलकी अशी येत होती की काकांच्या बोटातली अंगठी कडेला लागलेलीसुद्धा कळत होती. पहिलं कडवं बरोबर. दुसऱ्या कडव्यात पेटी थोडी पुढे सरकली. ढोलकी जागेवरच. पेटी आणखी पुढे. ढोलकीनं एकदा, मग दुसऱ्यांदा, जोरात थाप देऊन सम दाखवली, जशी वाट चुकणाऱ्याला हाक मारावी तशी. पेटी ऐकेना. मग दादांचाच आवाज, "हात चालव की. झोपलास का?" लोकांचं हसणं. ढोलकी त्यानंतरही दोन आवर्तनं वाजत राहिली, अगदी तालात, आणि मग थांबली.

मिस्त्रीनं बटण बंद केलं. दादा म्हणाले, "तो जागाच होता. मीच पुढे पळालो."

मग चहा आला, तो कुणीच धड प्यायला नाही. ह्यांनी विषय बदलायला विचारलं, मग यातला कुठला घ्यायचा? दादा म्हणाले, तुम्ही ठरवा, मला आता सगळे सारखेच. मी वही उघडली. तीन दुकानं, पाच रकाने, आणि ज्या रकान्यावर सगळा निकाल अवलंबून होता तो खोक्यांबद्दल काही सांगतच नव्हता. शेवटी मिस्त्रीकडूनच घेतला, चारऐवजी दोन खोक्यांचा. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. वॅट विचारायची राहून गेली.

घरी दोन्ही खोकी कपाटावर ठेवली. कुठलं डावं आणि कुठलं उजवं यावरून मी आणि हे अर्धा तास बोललो, मग मागे खडूनं खुणा केल्या. दादांनी खुणा पाहिल्या आणि माझ्याकडे वही मागितली. एका कोऱ्या पानावर त्यांनी स्टेज काढलं. मध्ये पेटी. पेटी वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताला ढोलकी. खाली वळणदार अक्षरात लिहिलं: 'यापुढे अशी बैठक.'

"हे काकांना दाखवायचं?" मी विचारलं.

"मी दाखवीन. तू बोलायचं नाहीस. मी त्याला चौकात बोललो, आता मीच जाऊन सांगायला हवं."

मी शब्द दिला. लगेच दिला, कारण मला वाटलं उद्याच जातील.

त्या दिवसाच्या कामांच्या यादीत मी चार गोष्टी लिहिल्या. खोक्यांवर झाकणं शिवणे, ते झालं. मिस्त्रीकडून जास्तीची वायर आणणे, झालं. दादांना कानाच्या डॉक्टरकडे नेणे, तेही झालं. डॉक्टर म्हणाले, डावा कान बरेच दिवसांपासून गेलेला असणार, घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? ताटाच्या उजव्या बाजूलाच आईला बसायला सांगणं, बसमध्ये खिडकी डावीकडे धरणं, हे सगळं आम्ही दादांच्या सवयी म्हणून पाहत आलो होतो.

चौथं काम: दादांनी काकांकडे जाणे, स्वतः.

एप्रिल आला, गेला. पार्टी बसली नाही. एकदा दादा ते पान घडी करून सदऱ्याच्या खिशात घालून निघाले आणि मेथीची जुडी घेऊन परत आले. म्हणाले, घराला कुलूप होतं. त्याच दिवशी मला काका दारात रंधा मारताना दिसले होते. मी मेथी निवडायला घेतली. काका रस्त्यात भेटले की विचारतात, "मास्तर बरे आहेत ना?" मी बरे आहेत म्हणते. ते आता दुसऱ्या पार्टीत वाजवतात, असं ऐकलंय. त्यांना सांगून टाकावं असं दर वेळी वाटतं, आणि शब्द मोडला तर दादा काय म्हणतील हेही वाटतं. दिलेला शब्द पाळते आहे की काकांवर अन्याय करते आहे, हे मला चार वर्षांत ठरवता आलेलं नाही.

संध्याकाळी दादा ती कॅसेट लावतात. खुर्ची उजव्या खोक्याकडे ओढून घेतात. दुसरी बाजूच लावतात आणि झोपलास का, हे येण्याच्या आधी बटण दाबतात.

दर जानेवारीत मी जुन्या डायरीतली राहिलेली कामं नव्या डायरीत उतरवते. या वर्षीच्या डायरीत, पहिल्याच पानावर, ती अशी आहेत: माळ्यावरचा पत्रा बदलणे. गॅसचा दुसरा सिलिंडर. दादांनी काकांकडे जाणे, स्वतः.

पत्रा बदलला. सिलिंडर आला.