मोल पकडणाऱ्याची बायको

मोल म्हणजे चिचुंद्रीचा जमिनीखालचा चुलता. अंगावर मखमल, पंजे फावड्यासारखे, डोळे नावालाच. दिसायला गोंडस, पण गांडुळाचं डोकं चावून ते जिवंतच कोठारात रचून ठेवतो, म्हणजे ते पळतही नाही आणि नासतही नाही. त्याच्या बोगद्यात दुसरा नर शिरला की दोघांतला एकच बाहेर येतो, तोही पोट भरून. आई तर पिल्लं जरा मोठी झाली की हाकलूनच देते. आमच्या डोंगरदरीत सगळे त्यांच्यावर खार खाऊन असतात. त्यांनी उकरलेली माती साठवणीच्या गवतात गेली की त्या मातीतल्या रोगाने मेंढ्या एकाच बाजूला गरगर फिरत मरतात.

म्हणून अमोस फॉदरगिलला मान होता. तो शेतोशेती सापळे लावायचा आणि मेलेले मोल त्या त्या शेताच्या काटेरी तारेवर नाकात काटा अडकवून टांगायचा. तार भरलेली दिसली की शेतकरी पुढच्या वर्षी पुन्हा बोलावणार. माणूस मात्र मोलाच्याच जातीचा. मुलगा रूबेन कामात त्याच्या बरोबरीचा झाला, तसा अमोसने त्याला पट्ट्याने फोडून काढला आणि घराबाहेर घातला. म्हणे एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

नॅन त्याची बायको, माझी शेजारीण. तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती, रूबेन घरी यायला हवा होता. त्याचं नाव काढलं म्हणून तिचा ओठ दोनदा फुटला. तरी ती नाव काढायचीच.

रूबेनही काही साधू नव्हता. ओढ्यापलीकडे खोली घेऊन त्याने बापाच्याच शेतांवर सापळे लावले. वर बापाच्या तारेवरचे मोल काढून स्वतःच्या तारेवर टांगायचा आणि दारूच्या गुत्त्यात बसून हसायचा.

एकदा अमोस गुत्त्यात सगळ्यांदेखत म्हणाला, "पुढच्या खेपेला माझ्या तारेवरचा एक जरी मोल गेला ना, तर पोराचा सापळा लावायचा हात ठेवणार नाही." कुणी हसलं नाही. त्याला चावलेल्या कुत्र्याचा जबडा त्याने फावड्याने फोडताना आम्ही पाहिला होता.

मेंढ्यांच्या बाजाराचा दिवस आला. अमोस संध्याकाळपर्यंत परतणार नव्हता, म्हणजे रूबेन तारेवर हात मारणार हे नॅनने ओळखलं. तिने पहाटेच तारेवरचे सगळे मोल काढून पोत्यात भरले. नवरा यायच्या आत परत टांगायचे, म्हणजे चोरीही नाही आणि मारही नाही. पण करायला गेली काय आणि उलटे झाले पाय! बाजारात अमोसचं कुणाशी तरी वाजलं आणि तो दुपारीच परतला. तार रिकामी.

रूबेन तेव्हा माझ्या कुरणात गुडघ्यांवर बसला होता, मनगटापर्यंत हात बोगद्यात घालून. मी मेंढ्यांना चारा टाकत होते. अमोस फावडं घेऊन कुरणाच्या दगडी भिंतीवरून उतरला, तो मला दिसला.

"रूबेन, मागे बघ!" मी ओरडले.

त्याने हात बाहेर ओढला, वर पाहिलं आणि स्वतःला सावरायला हात जमिनीवर टेकला. फावड्याचा घाव नेमका तिथेच पडला. तीन बोटं गवतात राहिली. तो आवाज मी अजून विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

"कुठे टांगलेस माझे मोल?" अमोसने दुसऱ्यांदा फावडं उचललं.

"मी नाही घेतले, बाबा! आईची शपथ, आज नाही घेतले!"

नॅन धावत आली. धापा टाकत तिने पोतं त्याच्या पायांशी उपडं केलं. काळ्या मखमलीचा ढीग पडला.

"मी काढले. याचा हात वाचावा म्हणून मीच काढले रे, मेल्या!"

अमोस ढिगाकडे बघत राहिला. मग गवतातल्या बोटांकडे. त्याने फावडं टाकलं, उजवा हात भिंतीच्या दगडावर ठेवला आणि मुलाला म्हणाला, "मार."

रूबेन हात पोटाशी धरून कळवळत होता. "आई, याला घेऊन जा इथून."

फावडं नॅनने उचललं. अमोसने तिच्याकडे पाहिलं, पण हात मागे घेतला नाही. तिने मारलं. एकदा नाही, दोनदा. आयुष्यभर त्या हाताचा मार खाल्लेली बाई होती ती. मला तिचा राग आला नाही, येतही नाही.

मग तिने आपला एप्रन फाडला, दोघांचे हात घट्ट बांधले आणि म्हणाली, "चला आता. दोघंही घरी चला."

आता दरीतले मोल नॅनच पकडते. हात चांगला बसलाय तिचा. परवा मी सहज डोकावले, तर ती दोन ताटांतलं मटण कापून देत होती. बाप आणि मुलगा समोरासमोर बसले होते, डाव्या हातात काटे धरून. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "नॅन, हे असे दिवस कसे गं काढतेस?"

"का? काय झालं?" ती म्हणाली. "रूबेन घरी आहे."