बियाण्याचं वांगं

पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचा वास आला की माझं आजही डोकं फिरतं. आई गेली त्या वर्षी तिच्या डब्यातलं उरलंसुरलं वांग्याचं बी मी जळगावला आणून अंगणात लावलं. उन्हातून आणि शेजारच्या शेळीतून एकच झाड वाचलं, त्याला एकच वांगं धरलं. ते मी बियाण्यासाठी राखलं. राखलेल्या वांग्याला आमच्याकडे चिंधी बांधतात, म्हणजे कुणी तोडत नाही. पण नव्या बंगल्याच्या अंगणात चिंधी बरी दिसेना, म्हणून मी बांधली नाही. एका दुपारी शाळेत शिकवून दमून आले, तर धरणगावहून आलेल्या आत्तेसासूबाईंनी भरीत करून ठेवलेलं. दोन भाकरी खाल्ल्या, "अक्का, अगदी माझ्या आईच्या भरताची चव!" म्हणाले आणि हात धुवायला अंगणात गेले. झाडावर नुसता तुटका देठ. मी किंचाळलेच. अक्का शांतपणे म्हणाल्या, "चिंधी बांधेल नव्हती, मंग माले काय माहीत बियानं शे ते?" त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, म्हणून तर जास्त संताप आला. आता माझ्या अंगणात विकतच्या रोपांनाही चिंध्या आहेत. आईचं ते वांगं मात्र संपलं, आणि ताट मीच बोटाने पुसून खाल्लं होतं.