वत्सला सिस्टरांनी रिकामा ठेवलेला हात

वत्सला सिस्टर गेल्याचं त्यांच्या मुलीच्या फोनवरून कळलं. ओपीडी नुकतीच संपली होती, मी डबा उघडून एकटाच बसलो होतो. ‘सर, आई सकाळी गेली...’ एवढंच ती म्हणाली. मी झाकण परत लावलं. औरंगपुऱ्यातल्या माझ्या छोट्या हॉस्पिटलात सिस्टरांनी बावीस वर्षं ऑपरेशन थिएटर सांभाळलं. बायको गेल्यापासून कामापलीकडचं माझ्याशी बोलणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं, आणि तेही बहुतेक वेळा रागावायलाच. ‘सर, भाजीला हात नाय लावला आज? अशानं कसं व्हायचं?’

नाकातून दुर्बीण घालून सायनसचं ऑपरेशन करायचं म्हणजे शेजारी डोळा, वर मेंदू, आणि मधलं हाड पापडासारखं पातळ. दुष्काळाच्या त्या वर्षांत आम्ही नेव्हिगेशनचं मशीन आणलं. हात धुवायला पाणी टँकरचं, अन् आत हे मशीन! रुग्णाच्या कपाळाला खुणांचा पट्टा बांधायचा, कॅमेरा तो पाहतो, आणि आपल्या हातातल्या सळईचं टोक आत नेमकं कुठं आहे ते सीटी स्कॅनच्या चित्रावर दिसतं. मी तर हरखूनच गेलो होतो. सिस्टरांनी मात्र पहिल्याच दिवशी नियम घातला. थोड्या थोड्या वेळानं सळई नाकाच्या शेंड्याला लावायची. पडद्यावरही ती शेंड्यावरच दिसली, तरच पुढचं अवजार मिळणार. ‘पट्टा हलला तर त्या मशीनला काय कळतंय, सर?’

अशात बिडकीनकडचे एक धनगर बाबा आले. एक डोळा लहानपणीच गेलेला. दुसऱ्या डोळ्याला लागून नाकात मांसाचे कोंब वाढलेले, आणि आधीच्या दोन ऑपरेशनांत आतल्या खाणाखुणा पार पुसलेल्या. ‘डाक्टर, ह्यो एकच हाय बगा. मेंढरं वळायची हायत मला.’

ऑपरेशन रंगात आलं होतं. डोळा अजून लांब आहे, असं पडदा सांगत होता. मी पुढचं अवजार मागितलं. हात रिकामाच.

‘थांबा सर. शेंड्याला लावा.’

‘आत्ताच लावलं ना!’ मी खेकसलो.

‘मघाशी चादर ओढली गेली. परत लावा.’

चरफडत सळई शेंड्याला टेकवली, तर पडद्यावर ती चेहऱ्याच्या बाहेर, हवेत! पट्टा सरकला होता. सगळं पुन्हा जुळवून पाहिलं, तेव्हा कळलं की मी डोळ्याच्या हाडापर्यंत पोचलो होतो. अवजारानं आणखी एक चावा घेतला असता तर...

महिन्याभरानं बाबा हार-नारळ घेऊन आले. ‘मशीन कुठंय? पाया पडतो.’ मशीनला हार घातला. सिस्टर शेजारीच उभ्या होत्या. मी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. पुढंही पाहुण्या डॉक्टरांना ही केस सांगताना मी मशीनचंच कौतुक करत राहिलो. माझी चूक कशाला सांगा! आज स्वतःची लाज वाटते. सिस्टर त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, ‘बाबा, फुलं तारांत अडकतील, इकडं द्या.’

आताची सिस्टर गुणी आहे. मागितलं की लगेच देते. सळई शेंड्याला मीच लावतो. थिएटरमध्ये आता फार शांत वाटतं...

मागच्या आठवड्यात बाबा तपासणीला आले. डोळा ठणठणीत. त्यांनी काही विचारायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. पट्टा, पडदा, माझं खेकसणं, सगळं.

‘आरं तिच्या! मग बोलवा की बाईंना!’

‘गेल्या, बाबा. दीड महिना झाला.’

बाबा उठले. मग म्हणाले, ‘कुठं उभ्या ऱ्हायच्या?’

मी त्यांना थिएटरच्या दारात नेलं आणि टेबलाची डावी बाजू दाखवली. त्यांनी चपला काढल्या, टोपी काढली, हात जोडले. मग माझ्याकडं वळून विचारलं, ‘डाक्टर, डोळा त्यांनी वाचवला, हे तुमी बाईंना कधी बोल्लात का?’

‘नाही,’ मी म्हणालो.