शैलाताईंनी जपून ठेवलेला जंतू

शैलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाळूजच्या कारखान्यातून शिफ्टच्या बसनं घरी परतत होतो. दुपारचा चहा घेतला, पेपर उघडला आणि खुर्चीतच गेल्या, असं त्यांच्या भावानं सांगितलं. खरं सांगतो, आधी हायसं वाटलं. रडू मागाहून आलं. जन्मभर दवाखान्यातले जंतू ओळखण्याचं काम केलेल्या या बाईला अतिदक्षता विभागाची मात्र भारी धास्ती होती. "मला तिथं नेऊ नका हो, तिथले सगळे जंतू मला नावानिशी ओळखतात," असं म्हणून त्या स्वतःच हसायच्या. त्यांची ती इच्छा तरी पुरी झाली.

उस्मानपुऱ्यात आमच्या वरच्या मजल्यावर त्या एकट्याच राहायच्या. एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवतज्ज्ञ होत्या आणि स्वभावानं हट्टी. रुग्णाच्या नमुन्यातले जंतू काचेच्या बशीत वाढवतात, त्यांचं नाव कळलं की बशी टाकून देतात, ही सगळीकडची रीत. ताई बशी टाकायच्याच नाहीत. "उशिरा उगवणारे असतात काही, त्यांनाही बोलू द्या की," म्हणायच्या. ज्या मुलांची प्रतिकारशक्ती कमी, त्यांचे जंतू तर त्या छोट्या नळ्यांत घालून फ्रीजरमध्ये गोठवून ठेवायच्या. जागा अडते म्हणून साहेब करवादायचे, सहकारी लोणचेवाल्या बाई म्हणून चिडवायचे. ताईंच्या एका कानातून शिरून ते दुसऱ्यातून बाहेर पडायचं.

माझी लेक मनवा अशाच मुलांपैकी. तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूला गिळतात, पण मारू शकत नाहीत. जन्मजातच दोष तो. पहिल्या मोठ्या आजारातून ती कशीबशी उठली, आणि मग पुन्हा पुन्हा ताप येऊ लागला. दरवेळी त्याच नावाचा जंतू सापडायचा. आता योग असा, की दोनदा तिचा ताप माझे वडील, म्हणजे आबा, येऊन गेल्यावरच चढला होता. आबा खुलताबादेत शेती करतात. त्यांच्या नाकातला नमुना तपासला, तर त्यातही तोच जंतू निघाला. डॉक्टर म्हणाले, तूर्त आजोबांना लांब ठेवा. घरात कुणी आबांना शब्दानं दुखावलं नाही, पण त्यांनीच स्वतःला शिक्षा करून घेतली. सीताफळं घेऊन यायचे, पिशवी उंबऱ्याशी ठेवायचे आणि जिन्यात बसून राहायचे.

"आबा, आत या ना!" मनवा आतून हाका मारायची.

"नाय माय, इथूनच दिसतीस की मला," ते म्हणायचे. माझ्याकडं न बघता एकदा म्हणाले, "म्याच दिलं का रं तिला हे?" मी सीताफळांची पिशवी उचलून आत नेली. आपल्याच बापाला काय सांगणार?

ताईंनी त्यांना तसं बसलेलं जाता-येता पाहिलं होतं. "नाव एक म्हणून जंतूही एकच कशावरून? खुलताबादेतले सगळे पाटील एका घरचे असतात का हो?" त्या आबांना म्हणाल्या. मनवाच्या नव्या नमुन्याची बशी त्यांनी नेहमीप्रमाणे टाकू दिली नव्हती. त्या बशीत जंतूंच्या मोठ्या ठिपक्यांच्या आजूबाजूला, उशिरा, अगदी बारीक ठिपके उगवले होते. त्यांनी ते मोठे आणि बारीक ठिपके, मनवाच्या पहिल्या आजारातला गोठवलेला जंतू आणि आबांच्या नाकातला जंतू, असे सगळे पुण्याच्या प्रयोगशाळेत पाठवून त्यांची जनुकं वाचून घेतली. जंतू वाढताना जनुकांत बारीकसारीक चुका होत राहतात. त्या चुका जुळवून बघितल्या की कोण कुणाच्या वंशातला ते कळतं.

निकाल आला त्या दिवशी ताई आमच्या दारापर्यंत आल्याच नाहीत. जिन्यातच आबांच्या शेजारी टेकल्या.

"आबा, तुमचा जंतू निराळा आहे. दूरचाही नातेवाईक नाही. पोरीचा आहे तो जुनाच, पहिल्या आजारातला. तिच्याच पेशींत लपून बसला आणि बदलत गेला. ते बारीक ठिपके म्हणजे तोच. म्हणून तर औषध पोचत नव्हतं त्याला."

"म्हंजे म्या नाय दिला?"

"नाही दिलात. अजिबात नाही."

आबांनी पटक्याचं टोक डोळ्यांना लावलं आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडले. मी दारातच उभा होतो. 

मग डॉक्टरांनी पेशीच्या आत शिरणारं औषध बरेच दिवस दिलं आणि ताप थांबला. मनवाची रोजची औषधं आणि जपणूक आहेच, पण आता ती शाळेत जाते. ताईंनी आबांनाही मोकळं सोडलं नाही. नाकात लावायला मलम दिलं, साबणानं हात कसे धुवायचे ते समोर उभं राहून शिकवलं. "जंतू निराळा असला म्हणून लाडका नाही झाला," असा दमही भरला.

गेल्या रविवारी ताईंच्या भावानं घर आवरायला काढलं, म्हणून आम्ही सगळे वर गेलो. खोलीत अजून डेटॉलचा वास होता. आबांनी मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, ताईंच्या वेताच्या खुर्चीत बसले आणि मनवाला मांडीवर घेतलं. गोष्ट ऐकता ऐकता ती झोपून गेली. सामान बांधून झालं, ऊन उतरलं. मी तिला उचलायला वाकलो, तर आबांनी माझा हात बाजूला सारला.

"राहू दे रं. पायाला लई मुंग्या आल्यात," ते हळूच म्हणाले, "पर राहू दे."