सावित्रम्माची चौकशी

सोलापुरात सात रस्त्याच्या मागच्या गल्लीत सावित्रम्माच्या दाराला सकाळी कुलूप दिसलं, की लोक समजायचे, कुणाचं तरी लग्न ठरतंय नाहीतर मोडतंय. सोयरीक करायच्या आधी गुपचूप त्या गावी जायचं आणि माणसं कशी आहेत ते काढून आणायचं, ह्याला आमच्याकडं चौकशी म्हणतात. साऱ्या भावकीची चौकशी तिच्याच गळ्यात. सकाळच्या पॅसेंजरनं जायचं, दिवस मावळायला परत. इंडी, दुधनी, बार्शी, एक गाव सोडलं नाही तिनं. जुन्या वेशी, बुरूज, दगडी बारवा सगळं तिच्या वाटेत आलं, पण बाई बघेल तर शपथ! तिचं सगळं लक्ष लोकांच्या परसात.

आता खरं सांगायचं तर वाईट ती कधीच बोलायची नाही. परत आली की पदर सावरून बसायची आणि म्हणायची, "माणसं चांगली हायत तशी." पुढं गप्प. त्या 'तशी'नं किती मांडव उभे राहायच्या आधीच उतरवले, देवाला ठाऊक. शेजारच्या निंगव्वाच्या लेकीचं, काव्याचं दुधनीला जमत आलं होतं. तिकडचे लोक गल्लीत विचारायला आले, तर हिनं दारातूनच सांगितलं, "पोरगी चांगली हाय तशी." झालं, ते लोक पुन्हा फिरकले नाहीत. काव्यानं हिचं काय घोडं मारलं होतं? काही नाही. चार माणसं आपल्या तोंडाकडं बघत बसतात, त्याची चटक लागली होती बाईला, दुसरं काय.

आणि आता तिच्याच लेकीची पाळी आली. सिद्धेश्वरी तिशी ओलांडलेली, बालवाडीत शिकवणारी, मुकाट पोरगी. अक्कलकोटच्या प्रभुचं स्थळ आलं. घरचं खताचं दुकान, एकुलता एक. बघायचा कार्यक्रम झाला, दोघं फोनवर बोलायला लागली, आणि पोरगी भाकरी थापताना गुणगुणायला लागली. ते ऐकून सावित्रम्माला काळजी लागली. हेही स्थळ हातचं गेलं तर पुन्हा दारात कोण येणार होतं? त्या मंगळवारी पॅसेंजरमध्ये बसली तेव्हा पहिल्यांदाच तिला वाटत होतं, की गावात वाईट काही कानावर येऊ नये.

अक्कलकोट रोडला उतरून शिटा भरून नेणाऱ्या वडापच्या जीपनं ती गावात आली. स्वामींचा गुरुवार नव्हता, गाव निवांत होतं. तिनं किराणा दुकानात विचारलं, पिठाच्या गिरणीत विचारलं, प्रभुच्या शेजारच्या सिद्धम्माकडं पाणी मागून विचारलं. सगळीकडं एकच सूर. "लई गुणाचा पोरगा. सुपारीचं खांड तोंडात टाकत न्हाय." एकाच्याही तोंडून 'तसा' आलं नाही. सावित्रम्माच्या जिवावरचा भार उतरला. देवाला हार घ्यावा म्हणून ती मंदिराबाहेरच्या फुलवालीपाशी टेकली आणि सवयीनं तिलाही विचारून बसली.

"प्रभुचं व्हय?" फुलवाली हार बांधत म्हणाली. "मोडलं की ते. रविवारी त्याचा बाप सोलापूरला पोरीच्या गल्लीत जाऊन आला. पोरगी सोनं हाय म्हणत्यात सगळी. पण आई लई वंगाळ. रेल्वेनं गावोगाव हिंडती आन् लोकांच्या पोरींची लग्नं मोडती. असली विहीण करून उद्या आमच्याच घरात काडी घालून घ्यायची का, म्हणाला म्हातारा. पोरगं दोन दिस जेवलं न्हाय." मग हार पुढं करत तिनं विचारलं, "तुमी कुटल्या?"

"हितल्याच," सावित्रम्मा म्हणाली.

हार तिथंच राहिला. राजवाड्याच्या भिंतीच्या सावलीत ती दुपारभर बसून राहिली. एवढी जुनी, एवढी उंच भिंत, आणि आपण ह्या गावी किती वेळा आलो तरी कधी मान वर केली नाही, असं तिच्या मनात आलं. शरम वाटली तिला, पण शरमेपेक्षा राग जास्त. गल्लीतल्या बायकांचा राग. आणि आपल्याला नको म्हणणारे हे अक्कलकोटचे कोण लागून गेले?

घरी आली तेव्हा सिद्धेश्वरीनं चहा पुढं ठेवला. "कशी हायत माणसं, अव्वा?"

लोकांनी आपल्याला नाकारलं हे लेकीला कळण्यापेक्षा आपणच नाकारलेलं बरं, एवढाच विचार त्या बाईनं केला. "नको बाई ते घर," ती म्हणाली. "पितो तो."

सिद्धेश्वरी म्हणाली, "दुपारी त्यांचा फोन आलता. घरचे नको म्हणत्यात, का ते सांगितलं न्हाय. पण मी कुणाचं ऐकत न्हाय म्हणाले. तुझ्या अव्वानं व्हय म्हटलं की रविवारी मी एकटा येतो, म्हणाले."

सावित्रम्मानं बशी खाली ठेवली. पोरी, मी खोटं बोलले, एवढंच तर म्हणायचं होतं. दुसऱ्यांच्या घराविषयी आयुष्यभर बोललेल्या त्या जिभेला स्वतःविषयीचं एवढंसं वाक्य उचलेना.

"खरंच पितात?" सिद्धेश्वरीनं विचारलं.

"गावात सगळे सांगत्यात," सावित्रम्मा म्हणाली.

सिद्धेश्वरीनं फोन उचलला आणि त्याला नको म्हणून सांगायला ती आतल्या खोलीत गेली. साऱ्या भावकीसारखाच तिचाही आईच्या चौकशीवर विश्वास होता.