आशीर्वादाची टरफलं

अंडं म्हटलं की लिओना झेलिन्स्कीच्या कपाळाला आठी पडायची. गेली अकरा वर्षं ती रोज सकाळी एक अंडं खात होती, रविवारी दोन, आणि तिला अंडं लहानपणापासून आवडत नव्हतं. हार्टच्या डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला, नॉर्बर्टला, अंडी बंद केली आणि नॉर्बर्टला टरफलं तर हवीच होती. मग खाणार कोण? "आतलं फेकून दे की," असं ती एकदाच म्हणाली, तर त्याने असं तोंड केलं जणू तिने देवळाची घंटा भंगारात घालायला सांगितली. अन्न टाकायचं नाही ही त्याच्या आईची शिकवण. म्हणजे टरफल सोडायचं नाही, अन्न टाकायचं नाही आणि मधलं सगळं लिओनाने गिळायचं.

टरफलं लागायची ती मागच्या अंगणातल्या मार्टिन पक्ष्यांना. भिंगरीच्या जातीचे, जांभळट काळे, उडता उडता किडे टिपणारे. अमेरिकेतल्या एरी सरोवराच्या काठच्या त्यांच्या गावात नॉर्बर्टने अंगणात उंच खांब रोवला होता आणि वरच्या दांड्यांना पांढरे पोकळ भोपळे टांगले होते. एका भोपळ्यात एका जोडप्याचा संसार. या भागातले मार्टिन आता झाडाच्या ढोलीत राहायचं विसरूनच गेलेत; माणसाने घर दिलं तर घर, नाहीतर फिरत बसतात. म्हणून असले खांब ठेवणारे लोक स्वतःला घरमालक म्हणवतात, तेही अगदी गंभीर चेहऱ्याने. लिओनाने एकतीस वर्षं शाळेची बस चालवली, डेपोतल्या बायका तिला विचारायच्या, "काय गं, तुझ्या मालकाचे भाडेकरू आले का?"

मादीला अंडी घालायची तर कॅल्शियम हवं, आणि ते किड्यांतून पुरेसं मिळत नाही. म्हणून टरफलं. पण ती नुसती टाकून भागत नव्हतं. धुवायची, आतला पापुद्रा सोलायचा, वाळवायची, ओव्हनमध्ये वीस मिनिटं भाजायची म्हणजे रोगराई मरते, आणि मग लाटण्याने चुरायची. तुकडा मसुरीएवढा हवा. मोठा राहिला तर पक्ष्याला गिळवत नाही, पीठ झालं तर तो तोंड लावत नाही. लिओनाच्या लग्नाच्या केकचे एवढे लाड झाले नव्हते. ओव्हन नॉर्बर्टच्या ताब्यात, लाटणं नॉर्बर्टच्या ताब्यात, आणि घरात केस जळाल्यासारखा वास.

मागच्या वर्षीच्या मे महिन्यात चार दिवस सरोवरावरून गार पाऊस आला. पावसात किडे उडत नाहीत. पाचव्या दिवशी नॉर्बर्टने खांबाची चरखी फिरवून भोपळे खाली आणले आणि एकेक करून अठरा मेलेले पक्षी बाहेर काढले. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. झोपायच्या वेळी म्हणाला, "पुढच्या वर्षी इथे अंडी घातली गेली नाहीत, तर आपण रेनाटाकडे कायमचं राहायला जाऊ."

रेनाटा त्यांची मुलगी, ॲरिझोनात. तिची लेक टेस पाच वर्षांची झाली होती आणि लिओनाने तिला आजवर तीनदा प्रत्यक्ष पाहिलं होतं. बाकी सगळी फोनच्या काचेवर. नॉर्बर्टचं ते वाक्य लिओनाने घट्ट धरून ठेवलं. हिवाळाभर ती मनातल्या मनात भांडी खोक्यात भरत होती.

आणि एप्रिलमध्ये एक जोडपं आलं. एकच, पण आलं मेलं!

त्यानंतर दोन आठवड्यांत नॉर्बर्ट गॅरेजमध्ये घसरला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं आणि पुन्हा चालायला शिकवतात तशा एका केंद्रात त्याची सहा आठवड्यांसाठी रवानगी झाली. नेमकं त्याच वेळी रेनाटाच्या गल्लीतलं एक घर रिकामं व्हायचं ठरलं. मालकीणबाईंना एक जूनपर्यंत हो की नाही हवं होतं.

"पक्षिणीने अंडी घातली तर नाही," नॉर्बर्टने फोनवर निकाल दिला. "नाही घातली तर हो. चरखी फिरवून बघ आणि मला खरं सांग."

"घर घ्यायचं की नाही हे पाखरू ठरवणार?"

"आपलं ठरलं होतं, लिओना. टरफलं घालतेस ना?"

"घालते," ती म्हणाली. साफ खोटं. नॉर्बर्ट दवाखान्यात गेला त्या दिवसापासून तिने सकाळचं अंडं बंद केलं होतं. ती सकाळी जॅम लावलेला टोस्ट खात होती आणि अकरा वर्षांनी पहिल्यांदा तिला न्याहारीची चव कळत होती. त्याच्या बरणीतला चुरा केव्हाच संपला होता. तिने काही वाईट केलं नव्हतं. फक्त काहीच केलं नव्हतं, आणि यात आपलं काय चुकलं असं ती रोज स्वतःला विचारत होती.

मग एके सकाळी ती कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला गेली, तर पक्षीण गाडीवाटेवर बसलेली. मार्टिन जमिनीवर सहसा उतरत नाहीत. ही बया मात्र गॅरेजच्या भिंतीशी पडलेला चुन्याचा पोपडा टोचत होती. मग खडी टोचायला लागली. पार्सलवाल्याची गाडी मागे मागे येत होती तरी उठेना. लिओना हातातलं झाकण आपटत धावली. "ऊठ! ऊठ गं बाई! मेल्यावर काय खाणार आहेस?"

गाडीवाल्याने काच खाली केली. "माझ्याशी बोलताय का?"

"नाही रे बाबा, भाडेकरूशी!"

ती तणतणतच घरात आली. कचऱ्यात कालच्या पॅनकेकची दोन टरफलं होती. ती धुतली, भाजली आणि लाटणं शोधायचा कंटाळा आला म्हणून कॉफीच्या ग्राइंडरमध्ये फिरवली. छान पांढरं पीठ झालं. खांबाखालच्या ताटलीत ओतलं तेवढ्यात सरोवरावरून वारा आला आणि ते सगळं तिच्या केसांत, नाकात आणि नुकत्याच धुतलेल्या चादरींवर जाऊन बसलं. पक्षिणीने वरून पाहिलं आणि तोंड फिरवलं. दुपारची कॉफीही खरखरीत लागली. लिओनाने नॉर्बर्टला मनात अशा काही शिव्या दिल्या की त्या ऐकून डेपोतल्या बायकाही लाजल्या असत्या.

घरात दुसरी टरफलं नव्हती. होती ती एकाच जागी, गॅरेजमधल्या कागदी पिशवीत, आणि ती तिची नव्हती.

ईस्टरच्या आदल्या दिवशी झेलिन्स्कींसारखी सगळी पोलिश घरं टोपलीत अंडी, पाव, सॉसेज घेऊन चर्चमध्ये जातात आणि पाद्री त्यावर पवित्र पाणी शिंपडतात. त्या अंड्यांची टरफलं कचऱ्यात टाकायची नसतात. जाळायची किंवा मातीत पुरायची. झेलिन्स्कींच्या साऱ्या गोतावळ्याची टरफलं नॉर्बर्टची मोठी बहीण हलीना गोळा करायची आणि आपल्या टोमॅटोच्या वाफ्यात पुरायची. यंदा तिच्या गुडघ्यांनी संप केला, म्हणून तिने पिशवी लिओनाकडे दिली होती. "एवढं पुरून टाक, विसरू नकोस." लिओना अर्थातच विसरली होती.

कांद्याच्या सालींत उकळून लाल-तपकिरी झालेली चाळीसेक अंड्यांची टरफलं. लिओनाने क्षणभर पिशवीकडे पाहिलं. मग ती सिंकमध्ये पालथी केली.

दुसरा ट्रे ओव्हनमधून निघत होता तेव्हा मागचं दार उघडून हलीना आत आली. ऐंशी वर्षांची, काठी टेकत, पण नाक शाबूत.

"कसला वास हा? आणि हे काय? लिओना! ही तर टोपलीतली!"

"हो."

"पाद्रींनी आशीर्वाद दिलेली अंडी तू पिझ्झासारखी भाजतेस?"

"अंडी आपण खाल्ली, हलीना. ही टरफलं आहेत."

"पुरायला दिली होती तुला! चार खड्डे खणायचे होते. माझी आई असती ना तर याच लाटण्याने..."

"मग दुसरी टरफलं आणू कुठून? मी नाही खाणार आता एकही अंडं! तुमच्या भावाला तिथे पलंगावर पडून हुकूम सोडायला काय जातंय, ती पक्षीण तिकडे भिंत खातेय भिंत!" लिओनाचा आवाज फाटला. "आणि मला काय हवंय ते तुम्हाला ठाऊक आहे. तिने अंडी न घालणं यातच माझा फायदा आहे. तरी मी इथे उभी राहून मसुरीएवढे तुकडे करतेय. मूर्ख नाही तर काय मी?"

हलीनाने काठी टेबलाला टेकवली आणि खुर्चीत बसली. मग तिने ट्रे पुढे ओढला. "हा तुकडा मोठा आहे," ती म्हणाली आणि अंगठ्याने मोडायला लागली. "मातीत गेली काय, पाखराच्या पोटात गेली काय. देवाला कुठे पत्ता विचारायचाय?"

पक्षीण त्याच दुपारी ताटलीवर उतरली. लाल तुकडे असे उचलत होती जणू तिच्यासाठीच आणून ठेवलेले. खिडकीशी दोघी उभ्या होत्या. "घ्या, जेवतायत राणीसाहेब," लिओना म्हणाली.

एकतीस मेला लिओनाने चरखी फिरवली. चरखी करकरत होती, तेलही तिलाच घालावं लागलं. दांड्या खाली आल्या, तिने भोपळ्याचं झाकण काढलं. आत गवत, त्यावर चेरीच्या झाडाची ताजी हिरवी पानं, आणि पानांवर पाच पांढरी शुभ्र अंडी. तिने दोनदा मोजली. मग भोपळे वर चढवले, हात पुसले आणि स्वयंपाकघरात आली. हलीना कॉफी घेत बसली होती.

"किती?"

"पाच."

"नॉर्बर्टला काय सांगणार?"

लिओनाने खिडकीतून खांबाकडे पाहिलं. नॉर्बर्ट अंगणात यायला अजून तीन आठवडे होते, चरखी फिरवायला तर वर्षभर. "एकही नाही" एवढं म्हटलं की काम झालं. घर, गल्ली, टेस, सगळं दोन शब्दांवर. पुढे पिल्लं ओरडायला लागली असती तर? तर तोवर रेनाटाने होकार दिलेला असता.

"आशीर्वादाची टरफलं खाऊन घातलेली अंडी," हलीना कपात बघत म्हणाली. "आता बोल बघू खोटं."

"तुम्ही गप्प बसा हो!"

तिने फोन लावला. नॉर्बर्टने हॅलो म्हटलंच नाही. "बघितलंस?" त्याचा आवाज घसरला होता. त्याला भीती वाटतेय हे तिला ऐकू आलं. पुन्हा कोणीतरी त्याच्या हातात मेलेले पक्षी ठेवणार असं त्याला वाटत होतं. तिला त्याचा संताप आला आणि त्याच वेळी कीवही आली.

"पाच," ती म्हणाली. "पाच आहेत. आणि मला उद्यापासून विचारायला फोन करू नकोस."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "तू टरफलं घातलीस," तो म्हणाला.

"घातली. झालं समाधान?"

मग तिने रेनाटाला फोन लावला, कारण हे तिनेच सांगायला हवं होतं. रेनाटा चिडली. "आई, बाबांना कसं कळणार होतं? तू नुसतं एकही नाही म्हणाली असतीस! टेसला मी सांगून बसलेय आजी येणार म्हणून."

"माहितेय मला."

"मग तसं का नाही म्हणालीस?"

"कारण पाच होती, रेनाटा."

"ठीक आहे," रेनाटा थकून म्हणाली. "मी त्या बाईंना नाही म्हणून कळवते."

"कळव," लिओना म्हणाली. फोन ठेवून ती ओट्याशी उभी राहिली आणि हलीनासमोरच ढसाढसा रडली. राग नवऱ्यावर होता, नणंदेवर होता, त्या पक्षिणीवर होता. पण सगळ्यात जास्त स्वतःवर होता, कारण उद्या कोणी पुन्हा विचारलं असतं तरी तिने पाचच सांगितलं असतं.